मुंबई नगरपालिकेचा कारभार : काटकसर, उधळपट्टी आणि जमाखर्चाची देखरेख (१८६५–१८९२)

मुंबई शहराच्या स्थानिक कारभाराचा इतिहास सांगण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. एका पद्धतीत ऑर्थर क्रॉफर्ड हा कर्तबगार अधिकारी नायक ठरतो. घाणीत बुडालेले शहर त्याने सहा वर्षांत धुऊन काढले, असे ही कथा सांगते. दुसऱ्या पद्धतीत फिरोजशहा मेहता हे नायक ठरतात व १८७२ आणि १८८८ चे कायदे हे लोकसत्तेच्या वाटचालीतील टप्पे म्हणून गौरविले जातात. दोन्ही कथा आपापल्या परीने खऱ्या आहेत. तथापि त्या वेगवेगळ्या सांगितल्या गेल्यामुळे मूळ प्रश्न नजरेआड होतो. शहराच्या सोयी वाढवावयाच्या तर पैसा खर्चावा लागतो. तो खर्च करदात्यांना मान्य व्हावा, वाया जाऊ नये आणि पुढील पिढीवर निष्कारण बोजा पडू नये, यासाठी कोणती यंत्रणा हवी, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत निबंधात १८६५ ते १८९२ या काळातील काही प्रकरणांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

प्रथम पूर्वपीठिका. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईकर विहिरींचे व तलावांचे पाणी पीत. धोबीतलाव, गोवालिया तलाव, कावसजी पटेल तलाव ही नावे आज पाण्यावाचून उरली आहेत. १८५४ च्या उन्हाळ्यात टंचाई इतकी तीव्र झाली, की पाणी बाहेरून आणून शहराला पुरवावे लागले. त्यानंतर हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याची विहार तलावाची योजना हाती घेण्यात आली व १८६० मध्ये साष्टीतील पाणी लोखंडी नळांतून मुंबईत आले. खर्च आधी सरकारने केला, पण अखेर तो कर्जरूपाने शहराच्याच अंगावर आला. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. ते शहर नळ आलेले, परंतु क्रॉफर्ड न आलेले आहे, हे त्या ग्रंथाचा उपयोग करणाऱ्याने ध्यानात ठेवावयास हवे.

विहारच्या योजनेत एक मोठी उणीव राहून गेली होती. पाणी आणण्याची व्यवस्था झाली. वापरलेले पाणी वाहून नेण्याची झाली नाही. पूर्वी घागरीने मोजून वापरले जाणारे पाणी आता नळाने येऊ लागले, आणि ते सखल वस्त्यांच्या जमिनीत व उघड्या गटारांत साचू लागले. भुयारी गटारांची योजना खर्चाच्या नावाखाली पुढे ढकलली गेली होती. ज्या सोयीने आरोग्य सुधारावयाचे, तिनेच काही भागांत दलदल वाढविली. अर्धे काम करून वाचविलेला पैसा पुढे दुप्पट होऊन द्यावा लागतो, याचे इतके उघड उदाहरण मुंबईच्या इतिहासात दुसरे क्वचितच असेल. दुसरे एक आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

कारभाराची घडीही अशीच विस्कळीत होती. १८४५ साली सात सभासदांचे आरोग्यरक्षक मंडळ नेमले गेले, १८५८ साली त्याच्या जागी तीन कमिशनर आले. तिघांत जबाबदारी वाटली गेली, म्हणजे ती कोणाचीच राहिली नाही. यावर उपाय म्हणून १८६५ च्या कायद्याने सर्व कार्यकारी सत्ता एकाच कमिशनरच्या हाती दिली. शहरातील ‘जस्टिस ऑफ द पीस’ यांचा समुदाय हीच नगरपालिका ठरली, आणि कर व अंदाजपत्रक मंजूर करण्याचे काम तिच्याकडे राहिले. आरोग्याधिकारी, कार्यकारी अभियंता व हिशेब-नियंत्रक ही पदे याच व्यवस्थेत निर्माण झाली.

क्रॉफर्डने कार्यभार स्वीकारला तो दिवस १ जुलै १८६५ होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला होता व त्या पैशावर मुंबईत सट्टा माजला होता. त्या सट्ट्यातील वायद्यांच्या फेडीचा दिवसही नेमका तोच, १ जुलै १८६५. पेढ्या बुडाल्या, भाडी उतरली, घरांच्या किमती कोसळल्या. १८६४ च्या गणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ च्या गणतीत ती ६,४४,४०५ भरली. पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे कमी झाली. त्यांतील अनेकजण तेजीच्या काळी पोटासाठी आलेले असल्याने ते परत गेले, हे खरे. तरी घरपट्टीचा पाया खचला तो खचलाच. शहराची ऐपत घसरत असता शहरसुधारणेचा सर्वांत खर्चिक कार्यक्रम सुरू झाला, ही क्रॉफर्डच्या कारकिर्दीची खरी अडचण होती. त्याच्या स्वभावाला सगळा दोष देणारे लेखक या योगायोगाकडे पुरेसे लक्ष देत नाहीत.

त्याने जे केले ते थोडे नव्हे. आरोग्याधिकारी डॉ. ह्यूलेट यांच्या साहाय्याने मैला व कचरा हलविण्याची व्यवस्था नगरपालिकेच्या हाती एकवटली. रस्ते रुंद केले. कत्तलखाना शहरातून काढून वांद्र्याला नेला. १८६९ साली त्याच्या नावाची मंडई पुरी झाली. आज ती महात्मा ज्योतिबा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. या मंडईकडे बहुधा वास्तुशिल्पाच्या दृष्टीने पाहिले जाते, पण कारभाराच्या दृष्टीनेही तिचे महत्त्व आहे. रस्त्यावर व कोंदट गल्ल्यांत विखुरलेला मांस, मासळी व भाजी यांचा व्यापार एका छपराखाली आल्याने तपासणी सोपी झाली आणि गाळ्यांच्या भाड्याने नगरपालिकेला नियमित उत्पन्न मिळू लागले. सोय आणि उत्पन्न यांची सांगड घालणारा हा खर्च होता. सर्व खर्च या जातीचा नव्हता. मंजूर रकमा ओलांडल्या जात, एका कामाचा पैसा दुसऱ्याकडे वळे, आणि कर्जाचा आकडा करदात्यांच्या कानी पडे तोवर कामे पुरी होऊन गेलेली असत.

येथे त्या काटकसरीच्या एका बाजूचा निर्देश करणे अवश्य आहे. शहराची स्वच्छता ‘हलालखोर पट्टी’ या करावर चाले. तो कर घरमालक देत. काम करीत ते मुख्यतः गुजरात-काठेवाडकडून आलेले, जातीने त्या कामाला बांधले गेलेले मेहतर. भुयारी गटारे लांबणीवर टाकणे परवडत होते, याचे एक कारण हे, की डोक्यावरून मैला वाहणारी माणसे अल्प वेतनात उपलब्ध होती. नगरपालिकेच्या जमाखर्चात ही बचत कोठेही बचत म्हणून नोंदलेली सापडणार नाही. ती जमेस धरल्यावाचून मात्र त्या काळच्या स्वस्त कारभाराचे मोल ठरविता येत नाही.

१८७० च्या सुमारास करदात्यांचा असंतोष उघड झाला. जेम्स फोर्ब्स यांच्या पुढाकाराने जस्टिसांच्या सभेत कमिशनरच्या अधिकारांवर हल्ला झाला. बाहेर नवरोजी फर्दुनजी यांच्यासारखे लोकनेते करदात्यांची बाजू मांडीत होते. कमिशनरचे पद मोडून सत्ता पुन्हा समितीकडे द्यावी, असा पुष्कळांचा कल होता. नोव्हेंबर १८७१ मध्ये क्रॉफर्ड पायउतार झाला. (१८८८ साली पुण्यास गाजलेले ‘क्रॉफर्ड प्रकरण’ याच गृहस्थाचे. तेव्हा तो मध्यविभागाचा कमिशनर होता. त्या प्रकरणाची सावली मागे टाकून मुंबईतील त्याच्या कारकिर्दीचा निवाडा करणे अन्यायाचे होईल.)

त्याच महिन्यात, २६ वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एक निबंध वाचला. लोकमत क्रॉफर्डच्या विरुद्ध पेटलेले असता मेहतांनी त्याच्या कामाची बाजू घेतली, यामुळे श्रोते रुष्ट झाले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा : दोष एका हाती दिलेल्या कार्यकारी सत्तेत नाही. दोष आहे तो त्या हातावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेत. जस्टिस सरकारने नेमलेले; ते कोणालाही उत्तरदायी नाहीत; अंदाजपत्रक रोखण्याचा अधिकार असून त्यांनी तो वेळेवर वापरला नाही. समितीकडे कारभार दिल्याने १८५८ ची अनागोंदी परत येईल. म्हणून कमिशनर राहू द्यावा आणि त्याच्यावर करदात्यांनी निवडलेली सभा बसवावी.

आमच्या मते या निबंधाचे महत्त्व त्यातील लोकसत्तावादापेक्षा त्यातील हिशेबी विचारात अधिक आहे. करदात्यांच्या चळवळीला खर्च कमी व्हावयास हवा होता. मेहतांना खर्च डोळ्यांसमोर व्हावयास हवा होता. या दोन मागण्या एक नव्हेत. पहिली मान्य झाली असती, तर गटारांचे काम आणखी एक पिढी रेंगाळले असते.

१८७२ च्या तिसऱ्या कायद्याने बव्हंशी मेहतांचाच मार्ग स्वीकारला. ६४ सभासदांपैकी ३२ करदात्यांनी, १६ जस्टिसांनी निवडावयाचे व १६ सरकारने नेमावयाचे ठरले. वर्षाला ५० रुपये वा अधिक कर देणाऱ्यासच मत होते. म्हणजे ‘लोक’ या शब्दाचा अर्थ येथे घरमालक व व्यापारी एवढाच घ्यावा. चाळीतल्या भाडेकऱ्याचा त्यात समावेश नव्हता. कमिशनर कायम राहिला. त्याच्या खर्चावर नित्य नजर ठेवण्यासाठी १२ जणांचे टाउन कौन्सिल आले. १८८८ च्या कायद्यात त्याचेच रूप स्थायी समिती असे झाले. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे मुंबईची ही व्यवस्था किती आधीची होती ते कळते.

नव्या व्यवस्थेने उधळपट्टीला आळा घातला. तिने दूरदृष्टीही आणली काय? पाण्याच्या प्रकरणात उत्तर सरळ येत नाही. विहार अपुरा पडत असल्याचे सर्वांना ठाऊक होते. मेजर टुलॉक यांनी १८७२ च्या अहवालात तानसा नदीपर्यंत जाणाऱ्या मोठ्या योजनांचा विचार मांडला होता. शहराने त्या वेळी पत्करली ती तुळशी तलावाची लहान योजना. ती १८७९ मध्ये पुरी झाली. तुळशी उंचावर असल्याने मलबार टेकडीकडील वस्तीला पाणी पोचविता आले, हा तिचा लाभ होय. पण साऱ्या शहराची तहान त्याने भागणारी नव्हती. १८७२ नंतर लोकसंख्या पुन्हा वाढत चालली होती. १८८१ साली ती ७,७३,१९६ झाली. तानशाचे काम अखेर हाती घेतले गेले, तरी ते पुरे होण्यास अवधी लागणार असे दिसताच तातडीचा उपाय म्हणून पवई येथे तलाव बांधण्यास १८८९ मध्ये आरंभ झाला. १८९१ साली तो पुरा झाला, पाणी पिण्यायोग्य ठरले नाही, आणि योजना सोडून द्यावी लागली. वर ज्या दुसऱ्या उदाहरणाचा उल्लेख केला ते हेच. वीस वर्षांपूर्वी टाळलेल्या खर्चाची ही भरपाई होती, आणि ती जमाखर्चावर पुरेपूर लक्ष ठेवणाऱ्या निवडलेल्या सभेच्या अमदानीत झाली. हिशेबाची देखरेख चालू वर्षाच्या उधळपट्टीला रोखू शकते. पुढील वीस वर्षांची गरज ओळखणे हे निराळे काम आहे व त्यासाठी १८७२ च्या कायद्यात काही तरतूद नव्हती.

ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळ दीड मैलाहून लांब दगडी धरण उभे राहिले आणि १८९२ मध्ये तानशाचे पाणी मुंबईत आले. इतका मोठा खर्च चालू करांतून भागणे शक्य नव्हते; दीर्घ मुदतीचे कर्ज काढून ते पाणीपट्टीच्या उत्पन्नातून फेडण्याचा मार्ग घ्यावा लागला. सोयीचा उपभोग जितकी वर्षे चालणार, तितक्या वर्षांच्या करदात्यांनी तिची किंमत द्यावी, हे तत्त्व त्यायोगे व्यवहारात रुजले. गटारांच्या बाबतीतही वरळीजवळील लव्ह ग्रोव्हच्या पंपांपर्यंत मुख्य भुयारी गटार नेण्याचे काम या दशकांत झाले. पण ते जुन्या दाट वस्त्यांत हळूहळूच पोचले. त्यांतल्याच मांडवी भागात १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग उद्भवला. त्यानंतर घरे व रस्ते यांच्या सुधारणेसाठी १८९८ साली सरकारने निराळाच ट्रस्ट स्थापन केला. नगरपालिकेवर सरकारचा किती विश्वास उरला होता, ते त्यावरून दिसते. ट्रस्टचा इतिहास हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.

१८८८ चा कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही मुंबई महानगरपालिकेचा मूळ कायदा आहे. १८९२ मध्ये पडलेली दिशाही बदललेली नाही. तानशापाठोपाठ वैतरणा व भातसा येथील पाणी शहराने आणले. ज्या शहापूर परिसरातून हे पाणी येते, तेथील कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. क्रॉफर्डच्या, फोर्ब्सच्या किंवा मेहतांच्या वादात करदाता म्हणजे शहरातला करदाता होता. ज्याची जमीन व पाणी गेले तो जमाखर्चाच्या कोणत्या बाजूस मांडावयाचा, याची चर्चा त्या काळच्या या वादांत आढळत नाही.