ओदिनची विद्या आणि गिरगाव

जुन्या धर्माचे पुनरुज्जीवन झाले असे कोणी सांगू लागले की त्यात जुने किती व नवे किती, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाला प्राप्तच होते. आज त्याचे एक उदाहरण घेऊ. ते उत्तर युरोपातील आहे. तथापि त्याचा एक धागा आपल्या गिरगावातून गेलेला आहे.

ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क व आइसलंड येथे ओदिन, थोर, फ्रेया या देवतांची उपासना चाले. त्यांच्या एका मंत्रविद्येला 'सेइद्' म्हणत. तेराव्या शतकात लिहिलेल्या तांबड्या एरिकच्या कथेत तिचे वर्णन आहे. ग्रीनलंडमध्ये दुष्काळ पडतो. थोर्ब्योर्ग नावाच्या देवऋषीणबाईला मानाने बोलावतात, उंच आसनावर बसवतात, भोवती बायका कडे धरतात, एकजण गीत म्हणते. मग दुष्काळ सरेल असे ती सांगते. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. 98 च्या सुमारास जर्मन टोळ्यांची चाल नोंदवली आहे: फांदीच्या तुकड्यांवर खुणा करून ते पांढऱ्या वस्त्रावर टाकायचे, त्यांतले तीन उचलायचे आणि देवाची इच्छा ओळखायची.

कोकणातून लालबाग-परळच्या गिरण्यांत आलेल्या माणसांना यात नवल वाटले नसते. अवसर काय आणि देवाला लावलेला कौल काय, त्यांच्या घरचेच. मात्र हे साम्य माणसाच्या चिंतेचे आहे. त्यावरून दोन्ही परंपरांचे मूळ एक ठरत नाही.

शिवाय एक मोठा फरक आहे. कोकणातला कौल कधी बंद पडला नाही. आइसलंडने इ. स. 1000 च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला व उघड पूजा थांबली. आपल्याला जे ठाऊक आहे ते बहुतांशी दोन शतकांनंतर ख्रिस्ती लेखकांनी लिहिलेले. मंत्र तोंडाने शिकवणारा गुरू उरलाच नाही. मग ही विद्या परत आली कोठून?

येथे गिरगावचा संबंध येतो. 1875 मध्ये न्यूयॉर्क येथे थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन करणाऱ्यांपैकी मादाम ब्लाव्हाट्स्की व कर्नल ऑल्कॉट 16 फेब्रुवारी 1879 रोजी मुंबईत उतरले आणि गिरगावात बिऱ्हाड करून राहिले. मार्चमध्ये फ्रामजी कावसजी हॉलमध्ये ऑल्कॉटांचे व्याख्यान झाले. ऑक्टोबरात 'थिऑसॉफिस्ट' मासिक सुरू झाले. सर्व धर्मांच्या पोटात एकच गुप्त विद्या आहे, हे त्यांचे सूत्र. 1882 च्या अखेरीस मंडळी अड्यारला गेली. पुढे 1888 च्या आपल्या ग्रंथात बाईंनी आपले स्वस्तिक आणि थोरचा हातोडा एकाच माळेत ओवले, आणि मानवी वंशांची एक चढती शिडीही मांडली.

व्हिएन्नात 1886 मध्ये या सोसायटीची शाखा निघाली. तेथल्या ग्विडो फॉन लिस्ट याने थिऑसॉफीतून पुष्कळ घेतले. 1902 मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिने त्याला दिसत नव्हते. त्या काळात रून अक्षरांचे रहस्य उलगडले, असे तो सांगे. 1908 मध्ये त्याचे पुस्तक आले. जुन्या शिलालेखांत रून 24 किंवा 16 आढळतात. याची मात्र 18! विश्वबंधुत्वाची घोषणा मागे पडली, वंशाची शिडी तेवढी राहिली. त्याच्या परंपरेतले 'सिग' अक्षर दुहेरी होऊन हिटलरच्या एस्. एस्. दलाच्या गणवेशावर चढले.

यावरून ही सारी उपासना त्याज्य ठरवणे न्यायाचे होणार नाही. 1972 मध्ये आइसलंडात जुन्या देवांच्या उपासकांची संस्था निघाली व 1973 मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. ऋतुबदलाच्या वेळी एकत्र जमावे, जुनी काव्ये म्हणावीत, असा त्यांचा बेत असतो. इतरत्र कोणी रून टाकून आपल्या नोकरीचा वा लग्नाचा प्रश्न विचारतो. त्यालाही मनाचा आधार मिळत असेल.

उपासना नवी असणे हा दोष नव्हे. वारकऱ्यांचा मार्गही कधीतरी नवाच होता. दोष आहे तो आजच्या इच्छेला हजारो वर्षांचा खोटा दाखला जोडण्यात. कारण त्याच दाखल्यावर पुढे कोणाला तरी घराबाहेर काढले जाते. तेव्हा 'हे अनादि आहे' असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे विचारावे: कोणत्या साली, कोणी लिहिले? आपल्याकडच्या दाव्यांनाही हाच प्रश्न लागू आहे.