तीन नंबरचा बावटा आणि वल्ह्याची होडी

२६ मे आला की आमच्या किनाऱ्यावरचे केशरी प्लास्टिकचे कयाक उचलून शेडमध्ये जातात. ३१ ऑगस्टपर्यंत जलक्रीडा बंद, असा सरकारी आदेशच असतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. ट्रॉलर खाडीत, जाळी घरात. आणि २ जूनला पहाटे चार वाजता एक माणूस आपली लहानशी होडी पाण्यात ढकलतो, वल्हं उचलतो आणि निघतो. त्याला कुणाचीच बंदी नाही.

पर्यटकांना कयाक म्हणजे खेळ वाटतो. मुळात तो उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांचा शब्द. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून केलेली, एका शिकाऱ्याची होडी. एक माणूस, एक वल्हं, समोर समुद्र. आपल्याकडची उलांडीची होडी घडणीनं वेगळी, पण हिशोब तोच. चुकलं तर सावरायला दुसरा कोणी नाही.

आज हे लिहायचं कारण म्हणजे दरवर्षी आगोटीला मीच छापत आलेली एक बातमी : ‘तीन नंबरचा बावटा, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.’ वीसेक वर्षं हेच वाक्य लिहितोय. कुणासाठी लिहितोय, हा प्रश्न मात्र कधी पडला नव्हता.

थोडं मागे जाऊ.

पावसाळ्यात दर्या बंद, ही काही सरकारनं शोधून काढलेली गोष्ट नाही. १७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रातही पावसाळ्याआधी आरमार सुरक्षित बंदरात छावणीला न्यावं, अशी ताकीद आहे. पुढे कोकण-मुंबई आगबोटी आल्या, त्याही पावसाळ्यात बंद असायच्या. आमच्या आजोबांच्या पिढीचं सगळं येणंजाणं त्या हिशोबानं ठरायचं. मोठ्या गलबतांनी नांगर टाकायचा, कोळ्यांनी होड्या वर ओढून झावळांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन पुन्हा पाण्यात उतरायचं.

इशाऱ्याची व्यवस्था मात्र इंग्रजांच्या काळातली. ऑक्टोबर १८६४ मध्ये कलकत्त्याला भयंकर चक्रीवादळ झालं. बंदरातली जहाजं उद्ध्वस्त झाली. दुसऱ्याच वर्षी तिथं बंदरासाठी वादळाचा इशारा देणं सुरू झालं. १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं निघालं आणि १८९८ पासून देशातल्या सगळ्या बंदरांना इशाऱ्याची एकच पद्धत लागू झाली. खांबावर दिवसा चिन्हं, रात्री दिवे. तोच आपला बावटा. १ आणि २ नंबर म्हणजे वादळ दूर समुद्रात. ३ नंबर म्हणजे खुद्द बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. असे चढत चढत १० पर्यंत. ११ नंबर सगळ्यांत वेगळा : हवामान खात्याशी संपर्क तुटलाय आणि इथल्या अधिकाऱ्याला हवा बिघडेल असं वाटतंय.

नीट बघा, ही सगळी रचना बंदरातून निघणाऱ्या जहाजांसाठी आहे. जहाजाचा कप्तान खांबाकडे बघून निघायचं की थांबायचं ते ठरवणार. वल्ह्याची होडी बंदरातून सुटतच नाही. ती सुटते वाडीच्या पुळणीवरून, अंधारात, जिथून खांब दिसतही नाही.

आमच्या वाडीतले सत्तरी ओलांडलेले एक काका आजही एकटे गरी टाकायला जातात. दोन वर्षांपूर्वी मेच्या शेवटी ते दुपारपर्यंत परतले नाहीत. संध्याकाळी दुसऱ्या गावच्या बोटीनं त्यांना ओढत आणलं. हातांची कातडी सोललेली. त्या सकाळी माझी बातमी पहिल्या पानावर होती. मी जरा रागानंच विचारलं, काका, बावटा लागला होता, पेपरात आलं होतं. ते म्हणाले, “झिला, तुझो पेपर येता आठाक. मी जातंय चाराक.”

मी गप्प बसलो. काय बोलणार?

त्या दिवशी झालं काय, तेही सांगतो. एरवी दर्याचं घड्याळ ठरलेलं असतं. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, तो होडीला बाहेर नेतो. दुपारी खारा वारा समुद्राकडून येतो, तो घरी आणतो. वल्हं मारणाऱ्याची निम्मी मेहनत वाराच करतो. आगोटीला हे घड्याळ बिघडतं. दुपारनंतर सह्याद्रीवर ढग चढतात, वळीव कोसळतो आणि त्याच्या पुढून सोसाट्याचा वारा जमिनीकडून समुद्राकडे धावतो. म्हणजे नेमकं परतायच्या वेळी वारा तोंडावर. इंजिन असेल तर माणूस अर्ध्या तासात धक्क्याला लागतो. वल्ह्यानं दोन तास मारूनही किनारा तिथंच.

हा झाला रोजचा वळीव. चक्रीवादळाची गोष्ट त्याहून मोठी. मे २०२१ मध्ये तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. इशारे वेळेवर होते, तरी मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला आणि ७० हून अधिक माणसं गेली. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला धडकलं.  

आता नवी यंत्रणा आलीय. ३० ऑगस्ट २०२४ ला आपल्याच पालघरमध्ये १ लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसवायच्या योजनेची सुरुवात झाली. मोबाइलची रेंज संपते तिथंही इशारा पोचणार, संकटात संदेश पाठवता येणार. चांगलंच आहे. पण योजना कुणासाठी? यांत्रिक आणि इंजिनवाल्या नौकांसाठी. १८६५ मध्ये इशारा मोठ्या जहाजांना मिळाला, २०२४ मध्ये इंजिनला मिळाला. वल्हं दोन्ही वेळा बाहेरच राहिलं. त्याच्यासाठी कायमचा ११ नंबर.

कुणी म्हणेल, मग त्यांनाही बंदी घाला. मला ते मान्य नाही. बिगरयांत्रिक होडीला सूट आहे ती योग्यच आहे. चार गऱ्या टाकून दर्यातला मासा संपत नाही, आणि त्या दोन महिन्यांत त्या घरात दुसरी कमाई नसते. पण पोटासाठी सूट दिलीत, तर जिवाची सोयही द्यायला नको का?

मागणं फार मोठं नाही. ज्या पुळणीवरून होड्या सुटतात तिथं पहाटे तीनला भोंग्यावरून इशारा सांगा. प्रत्येक वल्हेवाल्याला एक लाइफ जॅकेट द्या. आणि वाडीत एक साधी वही ठेवा : कोण गेला, किती वाजता, परतला का. दुपारी दोनला वहीत एखादं नाव उरलं, तर संध्याकाळची वाट न बघता बोट निघेल.

वहीचं काम आमच्या वाडीत या आगोटीपासून आम्ही चार जण सुरू करतोय. भोंगा आणि जॅकेट ग्रामपंचायत आणि मत्स्य खात्याकडे मागितलंय, लेखी. उत्तर आलं की इथंच टाकीन. नाही आलं, तर तेही टाकीन.

तुमच्या वाडीतून कोण एकटं जातं, तेवढं खाली लिहा. नाव नको, आकडा पुरे.