कुशचे कूळ

गांजाच्या ज्या वाणांच्या नावात ‘कुश’ येते, त्यांचा दर्भाशी संबंध नाही आणि रामाचा मुलगा कुश याच्याशीही नाही. नाव हिंदुकुश पर्वताचे आहे. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानचा वायव्य भाग व्यापणाऱ्या या रांगांतले झाड बुटके, साधारण दीड मीटरच्या आतबाहेरचे असते. पेरे आखूड, पानांची बोटे रुंद, रंग काळपट हिरवा, फुलोरा गच्च. थंडी लवकर पडते, म्हणून फुलोराही लवकर उरकतो. हिमालयात ओल्या झाडावर तळहात चोळून चरस काढतात. इथे मात्र वाळलेले झाड कापडावर चाळून राळ झाडतात. या चाळलेल्या भुकटीला अफगाण ‘गर्दा’ म्हणतात. फारसीत ‘गर्द’ म्हणजे धूळ. तोच शब्द मराठीत ब्राउन शुगरला चिकटला आणि त्यातून ‘गर्दुल्ला’ निघाला.

खरा वाद आहे तो ‘कुश’वर. हे कोडे ‘खुदकुशी’ आणि ‘कोहिनूर’ या दोन परिचित शब्दांत मावते. खुदकुशीतला ‘कुश’ फारसी ‘कुश्तन’चा, म्हणजे ठार मारण्याचा. चौदाव्या शतकात ही रांग ओलांडणाऱ्या इब्न बतूता या प्रवाशाने हाच अर्थ दिला आहे: हिंदुस्थानातून नेलेले गुलाम इथल्या बर्फात मरतात, म्हणून हिंदूंना मारणारा डोंगर. कोहिनूरमधला ‘कोह’ म्हणजे पर्वत. तो धरला तर मूळ नाव ‘हिंदू कोह’, म्हणजे हिंदच्या बाजूचा डोंगर.

उच्चाराच्या दृष्टीने बतूताची बाजू भक्कम आहे, कारण ‘ह’चा ‘श’ कसा झाला हे दुसऱ्या पक्षाला नीट दाखवता आलेले नाही. पण दुसऱ्या पक्षाकडे ग्रीकांची साक्ष आहे. अलेक्झांडरच्या सैन्याने याच रांगांना कॉकेशस म्हटले आणि पुढे त्या ‘इंडिकस’, म्हणजे हिंदचा कॉकेशस, म्हणून ओळखल्या गेल्या. दोन भाषांनी एका डोंगराला एकाच अर्थाचे नाव द्यावे, हा योगायोग मानणे कठीण. शिवाय नावाचा मूळ अर्थ विसरला की त्याभोवती स्थलपुराण रचले जाते, आणि घाटात वाटसरूला ऐकवली जाते तीच कथा. नाव कुषाण राजांवरून पडल्याचेही कोणी सांगतात. पण मग पुढचा ‘हिंदू’ तिथे काय करतो, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. एकूण पारडे ‘कोह’कडे झुकते.

शास्त्रीय नावाचा घोळही असाच आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १७८५ साली ‘कॅनाबिस इंडिका’ हे नाव दिले ते भारतातून आलेल्या, अरुंद पानांच्या झाडाला. १९२४ मध्ये अफगाणिस्तानात फिरलेल्या वाविलोव्ह या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिथल्या झाडांची वेगळी नोंद घेतली. आज बाजार ‘इंडिका’ म्हणतो ते याच रुंद पानांच्या अफगाण झाडाला. खुद्द भारतातला गांजा त्या हिशेबाने ‘सटायवा’ या दुसऱ्या गटात जमा होतो.

१९६० आणि ७०च्या दशकांत काबूलमार्गे फिरणाऱ्या हिप्पींनी हे बियाणे कॅलिफोर्निया आणि नेदरलँड्समध्ये नेले. १९७९च्या सोव्हिएत आक्रमणाने ती वाट बंद झाली. नव्वदच्या दशकात फ्लोरिडाहून लॉस एंजेलिसला पोचलेला ‘ओजी कुश’ या कुळाचा सर्वात प्रसिद्ध वारस. ‘ओजी’ म्हणजे ‘ओरिजिनल गँगस्टर’ की ‘ओशन ग्रोन’, यावर अजून हुज्जत चालते. सागरकाठचे पीक ही व्युत्पत्ती बहुधा मागाहून सुचलेली; शहरी बोलीत पहिली आधीच रूढ होती.

जुन्या अफगाण वाणांत नशा आणणाऱ्या टीएचसीबरोबर नशा न आणणारे सीबीडीही बऱ्यापैकी असे. संकर करणाऱ्यांनी निवड केली ती टीएचसीची. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजातले त्याचे सरासरी प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ पर्यंत १२ टक्क्यांवर गेले. ओजी कुश २० टक्क्यांच्या आसपास सांगितला जातो. बाजारातली नावे मात्र रक्ताची खूण राहिलेली नाहीत. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ साली जनुके तपासली, तेव्हा एकाच नावाचे नमुने कित्येकदा परक्या नावाच्या नमुन्यांना अधिक जवळचे निघाले.

नावाची सर्वात लांब उडी पश्चिम आफ्रिकेतली. सिएरा लिओनमध्ये ‘कुश’ नावाच्या नशेमुळे एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली. त्या मिश्रणाच्या तपासणीत कृत्रिम कॅनाबिनॉइड आणि नायटाझीन वर्गातली जहाल ओपिऑइड सापडली. हिंदुकुशच्या झाडाचे एक पानही त्यात असावे लागत नाही.