नवा भोंगा मुका का राहतो?

मोटारीचा भोंगा बंद पडला की नवा आणून बसवावा, हा उपाय सर्वांनाच सोपा वाटतो. परंतु पुष्कळदा असे घडते की, नवा भोंगा बसतो, स्टिअरिंगवरचे बटण दाबले जाते आणि गाडी पूर्वीसारखीच मुकी राहते. मग दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला, असा बोल लावला जातो. वस्तुतः दोष बहुधा भोंग्यात नसतोच. तो असतो बॅटरीपासून भोंग्यापर्यंतच्या वाटेत. ही वाट एका दिवसात तयार झालेली नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत तिच्यात एकेक दुवा वाढत गेला आणि प्रत्येक दुव्याबरोबर बिघाडाची एकेक जागाही वाढली. म्हणूनच भोंग्याचा इतिहास ध्यानी आला की त्याचा दोष हुडकणे सोपे जाते.

वाहनाने इशारा द्यावा हा दंडक मोटारीहूनही जुना आहे. इंग्लंडमध्ये 1865 च्या कायद्याने, रस्त्यावरून जाणाऱ्या वाफेच्या गाडीपुढे साठ यार्डांवर लाल निशाण घेतलेला माणूस चालला पाहिजे, असे ठरवले होते. गाडीचा वेग गावात ताशी दोन मैल आणि गावाबाहेर चार मैल, एवढाच असावयाचा. तो निशाणवाला मनुष्य हाच त्या काळचा भोंगा होय. 1896 च्या कायद्याने हलक्या गाड्यांपुढून त्याला हटवले. मात्र प्रत्येक गाडीवर घंटा किंवा पुरेसा ऐकू जाईल असा इशारा देणारे दुसरे साधन असलेच पाहिजे, अशी अट घातली. त्याच वर्षी 17 ऑगस्ट रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटारीच्या धडकेने मृत्यू आलेली ब्रिटनमधील पहिली पादचारी म्हणून तिची नोंद आहे. आपण घंटा वाजवली होती आणि ओरडलोही होतो, असे चालकाने चौकशीत सांगितले. इशारा नुसता होऊन भागत नाही. ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ तत्क्षणी कळावा लागतो, हे त्या घटनेने दाखवून दिले.

पुढे पितळी कर्णा आणि रबराचा फुगा आला. फुगा दाबला की हवा कर्ण्यातील पातळ पत्तीवरून जाई आणि पत्ती थरथरून आवाज उठे. या साधनाचा मोठा गुण असा की, त्याचा दोष डोळ्यांना दिसे. फुगा फाटला असेल किंवा पत्तीत कचरा अडकला असेल. तिसरे कारण सहसा नसे. हात आणि आवाज यांच्यामध्ये फक्त हवा होती.

वेग वाढला तसा फुग्याचा आवाज अपुरा पडू लागला. 1908 च्या सुमारास अमेरिकेत मिलर रीस हचिसन या संशोधकाचा ‘क्लॅक्सन’ बाजारात आला. गंमत अशी की, याच हचिसनने त्याआधी बहिऱ्यांसाठी विजेचे श्रवणयंत्र तयार केले होते. क्लॅक्सनमध्ये एक लहान विजेची मोटर दातेरी चाक फिरवी. चाकाचे दाते पोलादी चकतीच्या मध्यावरील खुंटीवर घासत आणि चकती कर्कश किंकाळी फोडी. किंचाळणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरूनच त्याचे नाव बेतले होते. येथे हात आणि आवाज यांच्यामध्ये वीज शिरली. आवाज वाढला, पण दोष मात्र दृष्टीआड गेला.

आजच्या भोंग्यात मोटर नसते. त्याचे तत्त्व विजेच्या घंटेचे आहे. 1831 च्या सुमारास जोसेफ हेन्री याने विद्युत्‌चुंबकाच्या बळावर दूरची घंटा वाजवून दाखवली होती. भोंग्यात प्रवाह सुरू झाला की विद्युत्‌चुंबक पोलादी चकतीला ओढतो. चकती ओढली जाताच आतले संपर्कबिंदू सुटतात, प्रवाह तुटतो, चकती मागे येते आणि संपर्क पुन्हा जुळतो. हे चक्र सेकंदाला सुमारे चारशे ते पाचशे वेळा चालते आणि त्यातूनच सूर निघतो. जर्मनीतील बॉश कंपनीने 1921 साली आपला विजेचा भोंगा बाजारात आणला आणि पुढे हाच प्रकार सर्वत्र रूढ झाला.

अशा भोंग्याला अनेक अँपिअर प्रवाह लागतो. तो सारा बटणातून नेला तर बटणाचे संपर्क जळतात. म्हणून रिले आला: बटण थोड्या प्रवाहाने रिलेला जागे करते आणि रिले मोठा प्रवाह भोंग्याकडे सोडतो. परतीची तार वाचावी म्हणून गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीचा मार्ग ठरला. मेस्त्री त्याला ‘अर्थ’ म्हणतात. 1980 नंतर स्टिअरिंगमध्ये हवेची सुरक्षापिशवी आली आणि फिरत्या चाकातून प्रवाह नेण्यासाठी गुंडाळलेली चपटी तारपट्टी बसवावी लागली. ही पट्टी तुटली की बटण आणि भोंगा दोन्ही चांगले असूनही गाडी बोलत नाही.

आता नव्या भोंग्याच्या मुकेपणाचा छडा कसा लावावा? प्रथम फ्यूज पाहावा. जुना भोंगा आतून जळताना तो पुष्कळदा फ्यूजही घेऊन जातो. मग कोणाला तरी बटण दाबावयास सांगून रिलेची टकटक ऐकावी. ती नसेल तर दोष रिले, बटण किंवा तारपट्टीच्या बाजूला असण्याचा संभव अधिक. टकटक असेल तर भोंग्याची तार सोडवून तिच्यापासून सांगाड्यापर्यंत तपासणीचा दिवा जोडावा. दिवा लागला तर प्रवाह येत आहे असे समजावे. पण निश्चिंत होऊ नये. लहान दिव्याला पुरणारा प्रवाह भोंग्याला पुरतोच असे नाही. गंजलेल्या सांध्यातून दिवा लागतो, भोंगा मात्र वाजत नाही. दोन तारांच्या भोंग्यात दिवा त्या दोन तारांमध्येच जोडावा. एका तारेच्या भोंग्याचा परतीचा मार्ग त्याच्या पट्टीतून जातो, आणि तेथेच नव्या भोंग्याची खरी मेख असते: पट्टीवर किंवा सांगाड्यावर रंग वा गंज असला तर प्रवाह परतत नाही. भोंग्याच्या पट्टीपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक तार धरून पाहावी. आवाज आला तर रंग खरवडून बोल्ट घट्ट आवळला की काम भागते. सुरक्षापिशवी असलेल्या गाडीचे स्टिअरिंग मात्र माहितगार कारागिराखेरीज कोणी उघडू नये.

भारतात 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी गाडीला विजेचा भोंगा आवश्यक ठरवला आणि निरनिराळे सूर लागोपाठ काढणाऱ्या भोंग्यांना मनाई केली. कायद्याला गोंगाट नको आहे, इशारा हवा आहे. घाटातील वळणावर पुढच्या पादचाऱ्याचा जीव त्या एका सुरावर अवलंबून असू शकतो. तो सूर भोंग्यातून निघत असला तरी त्याचे बळ फ्यूजपासून पट्टीच्या बोल्टपर्यंतच्या साऱ्या साखळीतून येते. म्हणून नवा भोंगा विकत घेण्याआधी जुन्यालाच बॅटरीवरून थेट प्रवाह देऊन पाहावा. तो बोलू लागला तर पैसे वाचतात आणि दोषाचा पत्ताही लागतो.