मंडईचा जुना सवाल

मंडई बांधायचं घाटत होतं, तेव्हा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. एवढा पैसा बाजाराच्या इमारतीत घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. ते कुणी ऐकलं नाही. 1886 साली आठकोनी मनोऱ्याची दगडी इमारत उभी राहिली, तिला गव्हर्नरचं नाव मिळालं आणि शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरणारा भाजीबाजार छपराखाली आला. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच मंडईला विरोध करणाऱ्या फुल्यांचं नाव दिलं गेलं. लोकांचा पैसा कोणासाठी खर्च करायचा, हा सवाल या इमारतीच्या पायातच आहे. मी पीएमटीचा निवृत्त कंडक्टर. माझी बरीचशी नोकरी मंडईवरून जाणाऱ्या गाड्यांवर झाली. म्हणून हाच सवाल मी मंडईच्या रस्त्याला विचारतो.

मंडई उघडली तेव्हा इथे बैलगाड्या यायच्या आणि टांगे. आज आपण ओळखतो तशी सायकल इंग्लंडमध्ये जेमतेम वर्षभरापूर्वी, 1885 साली बाजारात आली होती. पुढच्या काही दशकांत तिने पुणं व्यापलं. गवळी, पेपरवाले, कारकून, कॉलेजातल्या मुली, कारखान्यातले कामगार, सगळे सायकलवर. नगरपालिका सायकलवर कर घ्यायची आणि त्याचा बिल्ला द्यायची. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की पोलीस अडवायचा. म्हणजे सायकल हे रस्त्यावरचं रीतसर वाहन होतं, तिला नियम होते आणि मानही होता.

1950 साली महानगरपालिका झाली आणि शहर बससेवा तिच्या हाती आली. तीच पीएमटी. बस आणि सायकल यांचं तेव्हा भांडण नव्हतं, हे मी अनुभवाने सांगतो. पहिल्या पाळीला स्वारगेट डेपोत पोचायचं, तर त्या वेळी रस्त्यावर बसच नसायची. आम्ही ड्रायव्हर-कंडक्टर सायकलनेच यायचो. शेडमध्ये सायकल लावायची, तिकिटांची पेटी घ्यायची, प्रत्येक गड्डीचा सुरुवातीचा नंबर वेबिलावर उतरवायचा, कातडी पिशवी खांद्याला अडकवायची आणि डबल बेल द्यायची. मंडईच्या स्टॉपवर मेथी-कोथिंबिरीचा वास गाडीत शिरायचा. भाजीवाल्या मावश्या पाट्या घेऊन चढायच्या. "मावशी, पाटी जरा बाकाखाली सरकवा," म्हणत मी पंच वाजवत पुढे जायचो. त्या एका गाडीत जेवढी माणसं मावायची, तेवढी आज दुचाकींवर बसवली तर चौक भरून जाईल.

मग बदललं काय? आकुर्डीत बजाजची स्कूटर तयार होऊ लागली, 1972 साली लूना आली. उपनगरं लांब गेली आणि तिथे बस उशिरा पोचली, कमी पोचली. माणसाने गाडी घेतली ती हौसेने नव्हे, कामावर वेळेत जायचं म्हणून. दोष त्याचा नाही. पण शहराने त्याच्या गाडीसाठी जागा करत नेली आणि बसची, सायकलची जागा आकसत गेली. मंडईजवळ जिथे आर्यन आणि मिनर्व्हा ही चित्रपटगृहं होती, तिथे आज त्याच नावांनी ओळखले जाणारे वाहनतळ आहेत. शिवाजी रस्ता स्वारगेटकडे एकेरी, बाजीराव रस्ता शनिवारवाड्याकडे एकेरी. मोटारीला त्याचा वळसा जाणवत नाही, पायडल मारणाऱ्याला जाणवतो.

याविरुद्ध पुण्यात माणसं बोलत आली आहेत. 'परिसर' संस्था आणि सुजित पटवर्धन यांनी 1980च्या दशकापासून बस, सायकल आणि पायी चालणाऱ्याची बाजू लावून धरली. वाहनं नव्हे, माणसं हलवायची, हे तत्त्व 2006च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात आलं, आणि त्याच वर्षी देशातली पहिली बीआरटी, म्हणजे राखीव पट्ट्यातून धावणारी बस, कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर सुरू झाली. 2017 साली महापालिकेने सुमारे 800 किलोमीटरच्या सायकल मार्गांचा आराखडा मंजूर केला. 2021 साली पीएमपीने, म्हणजे पूर्वीच्या पीएमटीच्या जागी आलेल्या बससेवेने, दहा रुपयांत दिवसभर फिरवणारी 'पुण्यदशम' छोटी बस पेठांमधून सोडली, आणि त्याच वर्षी 11 डिसेंबरला महापालिकेने लक्ष्मी रस्ता एक दिवस पादचाऱ्यांना मोकळा करून दिला. म्हणजे काय करायचं हे शहराला ठाऊक आहे. हाती घेतलेलं नेटाने चालवणं मात्र जमत नाही. नेट धरला तर काय होतं, ते नेदरलँड्समध्ये दिसतं. तिथेही 1960च्या दशकात मोटारींनी सायकल हटवली होती. अपघातात मुलं मरू लागली तेव्हा आई-बाप रस्त्यावर उतरले आणि सायकल परत आली.

सप्टेंबर 2024 मध्ये मंडईत भुयारी मेट्रो आली. स्टेशनातून वर आलेल्या माणसाला पुढे न्यायला दर पाच मिनिटांनी छोटी बस हवी. शिवाजी आणि बाजीराव रस्त्यांवर बससाठी राखीव पट्टा हवा आणि त्यात उभी केलेली गाडी उचलली गेली पाहिजे. दोन्ही रस्त्यांवर सायकलला उलट दिशेनेही जाता येईल अशी कठड्याने वेगळी केलेली वाट हवी, आणि वाहनतळांचा तळमजला सायकलींना फुकट द्यावा. फुल्यांना पैसा शिकणाऱ्या मुलांसाठी हवा होता. शाळेला सायकलने जाणारी मुलगी आणि पाटी घेऊन बसची वाट बघणारी मावशी यांच्यासाठी पुढच्या अंदाजपत्रकात किती रुपये आहेत, हे प्रत्येक नगरसेवकाला मंडईतच उभं करून विचारा.