नाणं झिजलं की ठसा झिजला?

आजचा भाग नाण्यांच्या प्रतवारीचा, म्हणजे ग्रेडिंगचा. घरात जुने चांदीचे रुपये असले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती मिळतील? आणि पेढीवरचा माणूस भिंगातून बघून म्हणतो, ‘झिजलंय हो.’ मला आज विचारायचं आहे ते असं, की नेमकं काय झिजलंय? नाणं, की ज्या ठशानं ते पाडलं तो ठसा? दोन्हींत तपशील पुसट दिसतात, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आधी थोडं मागे जाऊ. आपल्या बोलण्यात सराफाच्या पेढीवरून आलेले शब्द बघा. नाणं खणखणीत असतं, माणूस पारखून घ्यावा लागतो आणि नावाला बट्टा लागतो. हा बट्टा म्हणजे नाणं बदलून घेताना सराफ जी रक्कम कापायचा ती. नाणं जितकं जुनं, तितका बट्टा जास्त. कारण सरळ होतं. हातोहात फिरून चांदी कमी झालेली असणार, असं तो धरून चालायचा. गंमत अशी की पुष्कळदा तो वजन न बघता नुसतं सालच बघायचा. बंगालमध्ये याचा इतका जाच झाला की ईस्ट इंडिया कंपनीनं नाण्यावरचं सालच गोठवलं. रुपया कधीही पाडलेला असो, त्यावर शाह आलमच्या राज्याचं 19 वं वर्ष. हाच तो ‘19 सन सिक्का’, आणि 1793 च्या कायद्यानं तोच प्रमाण मानला गेला. साल दिसलं नाही की बट्टा कशावर कापणार?

सराफाला मतलब होता चांदीशी. चमक असो वा नसो, त्याचं काही अडत नव्हतं. पुढे 1906 च्या नाणे कायद्यातही हाच हिशोब आहे. 180 ग्रेनचा रुपया प्रमाण वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त उतरला नसेल, तर तो चलनी.

संग्राहक आला आणि प्रश्न बदलला. त्याला वजन नको, नाण्याचा चेहरा हवा. इथे खरी अडचण सुरू होते, कारण चेहरा पुसट असण्याची कारणं अनेक आहेत.

आपली शिवराई घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण दोन्ही बाजू पूर्ण असलेली शिवराई क्वचित हाती लागते. ही नाणी हातानं ठोकून पाडलेली. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे काही अक्षरं तुकड्याच्या बाहेरच राहिली. जे अक्षर कधी उमटलंच नाही, ते झिजणार कुठून? म्हणून शिवराई बघताना आधी विचारावं, अक्षर गेलं की आलंच नव्हतं?

मग वाफेवरची यंत्रं आली, मुंबईत टांकसाळ उभी राहिली, आणि 1835 पासून कंपनीच्या मुलखात एकसारखा रुपया सुरू झाला. आता ठसा पोलादाचा आणि दाब यंत्राचा. एकाच ठशातून हजारो नाणी पडू लागली. पण पोलादही झिजतं. चकतीवर दाब आला की धातू क्षणभर वाहतो, मधून कडेकडे. वाहताना तो ठशाला घासतो आणि ठशावर केसासारख्या बारीक रेषा पडतात. त्या रेषा पुढच्या प्रत्येक नाण्यावर उमटतात. कोरं नाणं दिव्याखाली फिरवलं की उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गरगर फिरतात ना, ते याच रेषांमुळे. संग्राहक ज्याला लस्टर म्हणतात ते हे. पॉलिशची चकाकी वेगळी. हे लस्टर धातूच्या पृष्ठभागाच्या घडणीतच असतं.

आता यातली मेख लक्षात घ्या. ठसा नवा असताना तपशील धारदार असतात आणि नाण्याची पार्श्वभूमी बरीच गुळगुळीत, कधी कधी आरशासारखी. ठसा जसा वापरला जातो तशा त्या रेषा खोल होतात. लस्टर दाट, रेशमी होतं, पण कडेची अक्षरं पसरट, मऊ होत जातात. ठसा अगदीच थकला की पृष्ठभाग खरबरीत आणि निस्तेज. म्हणजे काही काळ तरी ठशाची झीज तपशील खाते आणि चमक वाढवते! नाण्याची झीज मात्र आधी चमकच खाते, आणि तीही उंचवट्यांवर. गाल, केस, मुकुट, जिथे बोटं लागतात तिथे.

त्यामुळे निवाडा करायचा तो असा. तपशील पुसट आहे, पण उजेडाचा पट्टा त्या पुसट जागेवरूनही अखंड फिरतोय? मग नाणं बाजारात फिरलेलं नाही, ठसा थकलेला होता. पट्टा उंचवट्यावर येऊन तुटतो आणि तिथे करडा डाग दिसतो? मग नाणं खिशाखिशातून फिरलंय.

या भांडणाचं मोठं रणांगण म्हणजे अमेरिका. तिथे 1949 मध्ये विल्यम शेल्डन यांनी जुन्या सेंटांसाठी 1 ते 70 अशी मोजपट्टी मांडली. पुढे ती सगळ्या नाण्यांना लागू झाली. 60 च्या वर न वापरलेली नाणी, 58 म्हणजे अगदी किंचित वापरलेलं. कसोटी लागली ती 1878 पासूनच्या मॉर्गन डॉलरवर. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत पडलेल्या पुष्कळ डॉलरांवर देवीच्या कानावरचे केस आणि गरुडाच्या छातीची पिसं नीट उठलेलीच नाहीत. 1892 सालचे तर त्यासाठी बदनाम आहेत. यात आणखी एक कारण मिसळतं, अपुरा दाब. अशा जागी धातू ठशाच्या तळापर्यंत पोचतच नाही, म्हणून तिथे चकतीचा मूळचा खडबडीत पृष्ठभाग तसाच राहतो आणि चमकही कमी दिसते. नवखा माणूस अशा नाण्याला वापरलेलं ठरवून मोकळा होतो. तेव्हा बाकीच्या नाण्यावर लस्टर अखंड आहे का, हे बघावं लागतं. उलट सॅन फ्रान्सिस्कोचे 1880 च्या आसपासचे डॉलर ठसठशीत. ते थोडे वापरले गेले तरी नवखा फसतो. अशा वादांमुळेच 1986 मध्ये पीसीजीएस आणि 1987 मध्ये एनजीसी ही प्रतवारी करून नाणं प्लास्टिकच्या डबीत बंद करणारी कंपन्यांची जोडी उभी राहिली.

थकलेल्या ठशानं लोकांना उलट दिशेनंही फसवलंय. 1955 च्या अमेरिकी सेंटांपैकी काहींवर अक्षरं खरोखर दुहेरी आहेत, ठसा तयार करतानाच्या चुकीमुळे. ती फार महाग. पण त्याच सालच्या दुसऱ्या सेंटांवर शेवटचा 5 दुहेरी भासतो, तो निव्वळ झिजलेल्या ठशामुळे. त्याला ‘गरिबाचं दुहेरी’ म्हणतात आणि त्याची किंमत किरकोळ.

आता आपल्या घरी या. पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या गळ्यातल्या साखळीत एक इवलासा हत्ती आहे. 1911 मध्ये त्याची सोंड आखूड पडली, लोकांना तो डुक्कर वाटला, गवगवा झाला आणि 1912 मध्ये हत्ती सुधारला. आज असा रुपया पारखताना त्या हत्तीकडे बघा, आणि तो पुसट असेल तर त्याच्यावरून उजेड फिरतो का तेही बघा.

आणि हात जोडून एक विनंती. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चिंच, रांगोळी किंवा पितांबरी घेऊन ते रुपये घासायला बसू नका. काळपटपणा म्हणजे झीज नव्हे. त्या काळ्या थराखाली लस्टर बहुधा शाबूत असतं. घासलं की त्या बारीक रेषाच जातात, आणि जगातला कुठलाही कारागीर त्या परत आणू शकत नाही. मग नाणं लख्ख दिसतं, पण त्याला संग्राहकाचा भाव मिळत नाही. बहुतेक वेळा चांदीच्याच भावानं जातं, त्या जुन्या सराफाच्या तराजूत. पूजेला हवेत ना? कडेनं धरून तसेच मांडा. लक्ष्मीची काही तक्रार नसते.

भेटू पुढच्या भागात.