दाढीचा ब्रश : केसांची लांबी आणि ताठरपणा यांचे गणित

दाढीचा ब्रश विकत घेताना बहुतेक ग्राहक एकच परीक्षा करतात. कोरडा ब्रश तळहातावर किंवा गालावर फिरवून पाहायचा आणि टोचला तर बाजूला ठेवायचा. डुकराच्या केसांपासून बनवलेल्या ब्रशला मात्र ही परीक्षा लागू पडत नाही. हा ब्रश कोरडा असताना राठ, भिजल्यावर मऊ आणि काही आठवड्यांच्या वापरानंतर अधिकच मऊ होत जातो. त्याची खरी पारख केसांची लांबी, जाडी आणि झुबक्याची दाटी यांवरून करावी लागते.

केस कुठले?

वेष्टनावर ‘प्युअर ब्रिसल’ असे लिहिलेले असेल, तर ते केस बहुधा डुकराचे असतात. व्यापारात त्यांना ‘बोअर’ म्हणजे रानडुकराचे केस म्हटले जात असले, तरी प्रत्यक्षात ते प्रामुख्याने पाळीव डुकरांच्या मान व पाठीवरचे असतात. चीन हा त्यांचा मोठा पुरवठादार असून भारतात कानपूर हे या व्यापाराचे जुने केंद्र आहे. १९३८ मध्ये नायलॉनचे टूथब्रश बाजारात येईपर्यंत दात घासण्याच्या ब्रशातही हेच केस वापरले जात. धार्मिक वा अन्य कारणांमुळे जे हे केस टाळतात, त्यांनी वेष्टनावरील मजकूर नीट वाचावा. काही ब्रशांवर बॅजर या प्राण्याच्या केसांसारखा काळा पट्टा रंगवलेला असतो. त्यामुळे केवळ रंगावरून केस ओळखता येत नाहीत.

लांबीचा परिणाम

ब्रशची लांबी म्हणजे दांड्याबाहेर दिसणाऱ्या केसांची लांबी. एका टोकाला घट्ट बसवलेली काडी जितकी लांब, तितकी ती सहज वाकते, हा साधा नियम येथेही लागू होतो. वाकण्याला होणारा विरोध लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे ५० मिलिमीटर लांबीचा केस ५५ मिलिमीटर केला, तर त्याचा ताठरपणा सुमारे एक चतुर्थांशाने घटतो. जाडीचा परिणाम याहून तीव्र असतो. केस १० टक्क्यांनी जाड असेल, तर तो जवळपास दीडपट ताठर होतो.

डुकराचा केस बॅजरच्या केसापेक्षा जाड असतो. त्यामुळे या ब्रशांचे केस सहसा लांब ठेवले जातात. ते फार आखूड ठेवले, तर ब्रश खुंटासारखा होऊन त्वचा घासू लागतो. फार लांब आणि विरळ ठेवले, तर तो ढिला पडतो, फेस दाढीच्या मुळाशी पोहोचत नाही आणि साबण वाया जातो. झुबका दाट असेल, तर केस एकमेकांना आधार देतात आणि लांब केसांचा ब्रशही पुरेसा ताठ राहतो.

पाण्याची भूमिका

बॅजरच्या ब्रशात पाणी मुख्यतः केसांच्या मध्ये धरले जाते. डुकराचा केस मात्र स्वतःच पाणी शोषून फुगतो आणि नरम होतो. म्हणून दाढीपूर्वी हा ब्रश काही मिनिटे कोमट पाण्यात भिजत ठेवावा. उकळते पाणी वापरू नये. त्याने केस ठिसूळ होतात आणि झुबक्याचा गोंद सैल पडतो.

वापर वाढत जातो, तशी केसांची टोके दुभंगतात. डोक्यावरच्या केसांबाबत जो दोष मानला जातो, तोच येथे गुण ठरतो. एका टोकाची अनेक बारीक टोके झाल्याने स्पर्श मऊ होतो, पण मुळाकडचा जाड भाग तसाच राहिल्याने ताठरपणा टिकतो. म्हणूनच नवा ब्रश टोचतो म्हणून त्याची टोके कात्रीने छाटणे ही मोठी चूक होय. त्यामुळे निमुळती टोके जातात, केस आखूड होतात आणि ब्रश पूर्वीपेक्षा अधिक टोचू लागतो.

निवड कशी करावी?

कडक साबणाची वडी वापरणाऱ्यांना मध्यम लांबीचा, दाट व ताठ ब्रश सोयीचा. तो वडीवरून साबण लवकर उचलतो. क्रीम वापरणाऱ्यांना आणि वाटीत फेस करणाऱ्यांना लांब केसांचा ब्रश चालतो. त्वचा नाजूक असेल किंवा चेहऱ्यावर मुरुमे असतील, तर लांब केसांचा ब्रश घ्यावा आणि तो न दाबता हलक्या हाताने फिरवावा. ब्रशच्या घर्षणाने आधीच लाल झालेल्या त्वचेवर पाते फिरले की आग अधिक होते.

नव्या ब्रशला सुरुवातीस जनावराच्या केसांचा वास येतो आणि काही केस गळतात. साबणाने दोन-चार वेळा धुतल्यावर हा वास कमी होतो. केस सतत आणि पुंजक्याने गळत राहिले, तर मात्र झुबका नीट बसवलेला नाही असे समजावे. दाढीनंतर ब्रश स्वच्छ धुऊन, पाणी झटकून मोकळ्या हवेत वाळवावा. ओला ब्रश डबीत बंद करून ठेवल्यास बुरशी धरते. एवढी काळजी घेतली आणि सुरुवातीचे काही आठवडे धीर धरला, तर पहिल्या दिवशी टोचणारा हा स्वस्त ब्रश अनेक वर्षे उत्तम साथ देतो.